गेममधला मॅक्रो बोटापेक्षा हळू, माऊसचा मॅक्रो संध्याकाळी गायब: फायनल फँटसी १४

गंगापूर_रोड

मंडळी, प्रश्न फायनल फँटसी १४ चा आहे, पण इतर ऑनलाइन गेममध्ये मॅक्रो, म्हणजे एका बटणावर बांधलेल्या अनेक आज्ञा, वापरणाऱ्यांनीही वाचा. दोष गेमला द्यावा, माऊसला, नेटला की माझ्या बोटांना, हेच मला कळेनासं झालंय.

खेळतो नाशिकहून, जपानच्या एलिमेंटल डेटा सेंटरवर. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, १४० ते १६० मिलिसेकंद. गेमिंग लॅपटॉप आहे, फ्रेम रेट ६० ला बांधलेला. माऊस वायरचा, अंगठ्यापाशी बारा बटणं असलेला. माझं पात्र व्हाईट मेज, म्हणजे बाकीच्यांना बरं करणारा हीलर, लेव्हल १००. आठ जणांच्या रेडमध्ये दोन हीलर असतात, त्यातला एक मी.

तक्रार पहिली. गेममध्येच एक मॅक्रो बनवलाय: ल्युसिड ड्रीमिंग (जादूची ताकद भरून काढणारं), असाइझ आणि ग्लेअर (नेहमीचा हल्ल्याचा स्पेल), तिन्ही एका बटणावर. डोक्याला ताप नको म्हणून. शिवाय क्युअर २ चा माऊसओव्हर मॅक्रो आहे, पार्टी लिस्टमध्ये ज्याच्या नावावर कर्सर त्याला हील. दोन्ही चालतात, पण अडखळत चालतात. आमच्या गटातली दुसरी हीलर लढाईचा लॉग (नोंद) बघून म्हणाली, तुझ्या दोन ग्लेअरमध्ये प्रत्येक वेळी फट दिसते. मी तर बटण अक्षरशः बडवत असतो!

तक्रार दुसरी. माऊसच्या चौथ्या बटणावर माऊसच्याच सॉफ्टवेअरने मॅक्रो केलाय: आधी एफ २, म्हणजे पार्टीतला दुसरा, आमचा टँक (बॉसचा मार झेलणारा), मग क्युअर २ ची की. रेकॉर्ड केल्यावर सगळे डिले कापून २० मिलिसेकंदांवर आणले. हा मॅक्रो गेममधल्या मॅक्रोपेक्षा झटपट वाटतो. पण संध्याकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान कधी कधी तो अर्धाच लागतो. टँक निवडला जातो, हील जात नाही. कधी दोन्ही नाही. रात्री दहा वाजता परत सगळं ठणठणीत.

सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकून झालं, वायफाय सोडून लॅनची वायर लावून झाली. टँक मेला की शिव्या मला पडतात, आणि जपानी माणसं शिव्याही इतक्या नम्रपणे देतात की जास्त लागतात.

पत्री_पूल

भाऊ, सरळ आहे. संध्याकाळी नेट जाम. आमच्याकडे पण साडेसातनंतर पिंग नाचायला लागतो. माऊसचा डिले २० आहे तो शून्य कर, जितका कमी तितकं फास्ट. आणि गेमच्या मॅक्रोत ग्लेअरची ओळ पंधरा वेळा लिही, सगळे तसंच करतात.

उजवी_शिफ्ट

फिल्टर कीज बंद आहेत का बघ. विंडोजमध्ये उजवी शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवली की ते चालू करायचं विचारतं आणि घाईत आपण एंटर मारतो. मग प्रत्येक की उशिरा लागते. ॲक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन शॉर्टकटच बंद करून टाक.

भोसरी_पॅनेलवाली

डिले शून्य करू नकोस. उलट वाढवायला लागणार आहे, ते खाली येतंच.

तुझ्या दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध नाही. एकाच माणसाला एकाच वेळी होतायत एवढंच. त्यामुळे त्या वेगळ्या धर, नाहीतर एकीचा उपाय दुसरीवर करत बसशील.

पहिली. ग्लेअरचा रीकास्ट, म्हणजे एकदा मारल्यापासून पुन्हा मारता येईपर्यंतचा वेळ, २.५ सेकंद. तो संपायच्या आधी, शेवटच्या साधारण अर्ध्या सेकंदात तू हॉटबारवरचं (स्क्रीनवरच्या बटणांच्या पट्टीतलं) ग्लेअर दाबलंस तर गेम ते टाकून देत नाही. रांगेत धरून ठेवतो आणि रीकास्ट संपला की लगेच सोडतो. म्हणून हाताने खेळणारे जरा आधीच दाबतात आणि त्यांच्या दोन ग्लेअरमध्ये फट राहत नाही. मॅक्रोत लिहिलेल्या '/एसी' ओळीला, म्हणजे 'ही कृती कर' या आज्ञेला, ही रांग मिळत नाही. ओळ चालली त्या क्षणी स्पेल तयार असेल तर जाईल, नसेल तर 'अजून तयार नाही' आणि विषय संपला. हा बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. तुझा लॅपटॉप, माऊस, नेट सगळं उत्तम असलं तरी हे असंच राहणार.

आता फट किती ते बघ. तू सेकंदाला पाच वेळा बडवतोस असं धरू. दोन दाबांमध्ये २०० मिलिसेकंद. रीकास्ट त्या २०० मध्ये कुठेही संपेल, म्हणजे सरासरी १०० वाया. पाच मिनिटांच्या लढाईत फट नसेल तर ३०० भागिले २.५, म्हणजे १२० ग्लेअर बसतात. दर ग्लेअरला ०.१ सेकंद गेला तर ३०० भागिले २.६, म्हणजे ११५. बोट थकून सेकंदाला तीनवर आलास की सरासरी फट १६७ वर जाते आणि ग्लेअर ११२ वर येतात. तुमच्या दुसऱ्या हीलरला जी फट दिसते ती हीच.

पंधरा ओळींचा सल्ला अगदीच टाकाऊ नाही. मॅक्रो एका फ्रेमला एक ओळ चालवतो. ६० फ्रेमला पंधरा ओळी म्हणजे पाव सेकंद सलग प्रयत्न चालू राहतात, तेवढ्यात तू पुन्हा दाबतोस, आणि फट जवळजवळ एका फ्रेमवर येते. पण मॅक्रोला ओळीच पंधरा. त्यात ल्युसिड आणि असाइझ कुठे बसवणार? शिवाय एक मॅक्रो चालू असताना दुसरा दाबला की पहिला तिथेच तुटतो. तू मध्येच माऊसओव्हर क्युअर मारलास की ग्लेअरचा मॅक्रो गेला. आणि माझा खरा आक्षेप वेगळाच आहे: असाइझ हे शत्रूचं नुकसानही करतं आणि सगळ्या पार्टीला हीलही देतं. ते कधी मारायचं हा हीलरचा निर्णय, आणि तू तो 'जेव्हा तयार होईल तेव्हा' असं म्हणून मॅक्रोला देऊन टाकलायस. बॉसचा मोठा फटका येण्याच्या चार सेकंद आधी ते उधळलं गेलं तर तुझ्या हातात काय उरलं?

तेव्हा तो मॅक्रो मोड. तिघांना तीन बटणं दे, बारा आहेत ना अंगठ्याखाली. माऊसओव्हर क्युअरचंही तेच. लक्ष्य आधी निवडायचं, एफ १ स्वतःसाठी आणि एफ २ ते एफ ८ बाकीच्यांसाठी, मग हॉटबारवरचं क्युअर. ही सवय हातात बसायला वेळ लागतो, पण रांग परत मिळते.

मॅक्रो वाईट असं मी म्हणत नाही. क्राफ्टिंगमध्ये (वस्तू बनवताना) बिनधास्त वापर. तिथे प्रत्येक ओळीमागे वेट लिहायचा, कृतींना ३ आणि बफना २ सेकंद, आणि खुर्चीत मागे रेलायचं. लढाईत तो वेट चालत नाही कारण तो पूर्णांकातच घेतो, २.५ लिहिता येत नाही. ३ लिहिलास तर पाच मिनिटांत १०० ग्लेअर.

दुसरी तक्रार. इथे माझ्या पोटापाण्याचा विषय येतो. मी पीएलसीचे, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाचे, पॅनेल बनवते आणि लाइनवर जाऊन चालू करून देते. पीएलसी इनपुटकडे सतत बघत नसतो. एका स्कॅनला एकदा बघतो, मग प्रोग्राम चालवतो, मग आउटपुट लिहितो, की पुन्हा इनपुट. स्कॅन २० मिलिसेकंदांचा आणि सेन्सरची पल्स ५ ची असली तर ती पल्स कधी दिसते, कधी दिसत नाही. ऑपरेटर शपथेवर सांगतो की सेन्सरचा दिवा लागला होता. लागलेला असतोच. पीएलसीने त्या वेळी बघितलेलं नसतं.

बऱ्याच गेमचं असंच असतं, फ्रेमला एकदा कीबोर्ड वाचायचा. ६० फ्रेमला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. तुझी की २० मिलिसेकंद दाबलेली राहते, म्हणजे काठावर पास. हा फ्रेम रेट ३० झाला तर फ्रेम ३३.३ ची, आणि २० ची की दोन वाचनांच्या मधल्या जागेत दाबून सोडूनही झालेली असेल. कधी एफ २ दिसेल आणि क्युअर नाही, कधी दोन्ही नाही. तू लिहिलंयस तसंच.

म्हणून मला नेटबद्दल काहीच विचारायचं नाही. पिंग वाढला असता तर हील उशिरा गेलं असतं, अर्धवट गेलं नसतं. मला हे सांग: संध्याकाळी सात ते साडेआठ तुमच्याकडे लाइट जाते का? लॅपटॉप बॅटरीवर येतो का? आणि तेव्हा कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा किती असतो?

एक सोपी चाचणीही करून बघ. नोटपॅड उघड, माऊसच्या मॅक्रोत एफ २ च्या जागी एखादं अक्षर घाल आणि बटण बरेचदा दाब. नोटपॅडमध्ये सगळी अक्षरं नीट उमटली तर माऊस निर्दोष आणि गोंधळ गेमच्या वाचण्यात. तिथेही गळली तर माऊस किंवा त्याचं सॉफ्टवेअर.

हेसनवाली

वाचून मजा आली. मी फ्रँकफुर्टजवळ राहते, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळते. तिथे गणित बरंच वेगळं आहे, म्हणून लिहिते, नाहीतर कोणीतरी हा धागा वाचून तिथले मॅक्रो मोडत बसेल.

वॉरक्राफ्टमध्ये साध्या कास्टच्या मॅक्रोला रांग मिळते. ग्लोबल कूलडाउन (दोन स्पेलमधली सक्तीची थांब) १.५ सेकंदांचा, हेस्ट (पात्राचा वेग) वाढली की कमी होतो. रांगेची खिडकी किती आधी उघडायची हे आपल्यालाच ठरवता येतं, कन्सोलमध्ये स्पेल क्यू विंडो नावाचं मूल्य असतं, मूळचं ४०० मिलिसेकंद. कोणीतरी 'कमी कर, फास्ट होईल' असं सांगतं आणि लोक ते ५० वर नेऊन ठेवतात. मग जरा लवकर दाबलं की वाया. वेगाच्या नावाखाली आपणच फट तयार करायची. भारतातून युरोपच्या सर्व्हरवर खेळणाऱ्यांनी तर त्याला हातच लावू नये.

अजून एक सेटिंग: स्पेल की दाबल्यावर जावा की सोडल्यावर. 'सोडल्यावर' असेल तर की जितकी धरून ठेवाल तितका उशीर. माऊसच्या मॅक्रोत धरून ठेवायचा वेळ वाढवला आणि गेम अजून हळू वाटायला लागला, तर आधी हे तपासा.

गंगापूर_रोड

ताई, तुम्ही भोसरीत बसून माझ्या घरातली लाइट गेलेली कशी काय बघितलीत?

जाते. रोज नाही, पण या महिन्यात बरेचदा, आणि नेमकी सातच्या सुमारास. राउटर इन्व्हर्टरवर आहे म्हणून नेट चालू राहतं, लॅपटॉप बॅटरीवर जातो, मी खेळतच राहतो. आज चार्जर मुद्दाम काढून बघितला. आकडा ६० वरून थेट ३०. ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये 'बॅटरीवर असताना फ्रेम मर्यादित ठेवा' असा पर्याय आहे आणि तो चालू होता.

नोटपॅडमध्ये एकही अक्षर गळलं नाही, चार्जरसकट आणि चार्जरशिवायही.

आता प्रश्न असा की २० चं मी किती करू? आणि ग्लेअर-असाइझ वेगळे केले, ग्लेअर खरंच सलग जायला लागलं. पण आता असाइझ आणि ल्युसिड एका ग्लेअरच्या पाठोपाठ दाबले की पुढचं ग्लेअर लांबतं. हा तरी पिंगचा त्रास ना? त्यासाठी नेटचा महागडा प्लॅन घ्यावा का?

भोसरी_पॅनेलवाली

दिव्याचं श्रेय नको. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमची दोन पॅनेलं आहेत, तिथून फोन सातलाच येतात.

की दाबून ठेवायचा वेळ ५० कर. ३३.३ पेक्षा जास्त, म्हणजे ३० फ्रेमलाही एक वाचन त्यात नक्की सापडतं. एफ २ सोडल्यावर क्युअर दाबायच्या आधीची जागाही ५० ठेव. म्हणजे बटण दाबल्यापासून क्युअरची की लागेपर्यंत १०० मिलिसेकंद. आधी ४० होते. हे ६० जास्तीचे तुला खटकतील असं वाटत असेल, तर क्युअर २ चा स्वतःचा कास्ट (स्पेल म्हणायला लागणारा वेळ) दोन सेकंदांचा आहे हे आठव. दुसरं म्हणजे रांग. माऊसच्या सॉफ्टवेअरने पाठवलेली की गेमला कीबोर्डच्या कीसारखीच दिसते, त्यामुळे तिला रांग मिळते. तुला तो मॅक्रो गेमच्या मॅक्रोपेक्षा झटपट वाटत होता तो यामुळेच, २० मिलिसेकंदांमुळे नाही.

मॅक्रो माऊसच्या स्वतःच्या मेमरीत साठवता येत असेल तर तिथे साठव. लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर चालवत असेल तर विंडोजचं घड्याळ मध्ये येतं. ते सहसा १५.६ मिलिसेकंदांच्या टप्प्याने चालतं, त्यामुळे तू लिहिलेले २० प्रत्यक्षात ३१ सुद्धा भरू शकतात. ऑटोहॉटकी हा मॅक्रोचा प्रोग्राम वापरणाऱ्यांना हे लगेच आठवेल: स्लीप १० लिहायचं आणि १५-१६ मिळायचे. ५० लिहिलंस की या चढउताराने काही बिघडत नाही. काठावरचे आकडे लिहायचेच नाहीत, मग तो टायमर असो की रिले.

आता प्लॅन. पैसे वाचव. मुंबई ते टोकियो सरळ रेषेत ६,७०० किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन येऊन १३,४०० किलोमीटर, म्हणजे ६७ मिलिसेकंद, तेही केबल सरळ रेषेत टाकली असती तर. ती टाकलेली नाही, वळसे घेत जाते. तुझे १४० ते १६० यात फार वावगे नाहीत, आणि १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा केल्याने समुद्र आकसत नाही.

पण प्रश्न बरोबर विचारलास. ग्लेअरच्या रीकास्टवर पिंगचा जवळजवळ काही परिणाम होत नाही, तो तुझ्याच मशीनवर मोजला जातो. पिंग चावतो तो असाइझसारख्या झटपट कृतींमागच्या लॉकमध्ये. अशी कृती केली की साधारण ०.६ सेकंद दुसरं काही करता येत नाही, आणि ते ०.६ सर्व्हरचं उत्तर आल्यापासून मोजले जातात. तुझं उत्तर ०.१५ नंतर येतं. म्हणजे एका कृतीला ०.७५.

ग्लेअरचा कास्ट १.५, रीकास्ट २.५. मध्ये उरला एक सेकंद. त्यात ०.७५ ची एक कृती बसते, दोन बसत नाहीत, दुसरी पुढच्या ग्लेअरला अर्धा सेकंद ढकलते. म्हणून ग्लेअरमागे एकच. दोन मारायच्या असतील तर डाया या स्पेलमागे मार. डायाला कास्ट नाही. त्याचा स्वतःचा लॉक ०.७५ धर, २.५ मधून १.७५ उरतात, दोन कृतींचे १.५. बसल्या, पाव सेकंद हातात ठेवून. अफ्लाटस सोलेस या कास्ट नसलेल्या हीलमागेही तसंच. डाया तसंही दर तीस सेकंदांनी पुन्हा लावायचंच असतं, तेव्हा ल्युसिड आणि असाइझची जोडी तिथे लावून टाक.

हा लॉक कमी करणारी बाहेरची साधनं तुला कोणी ना कोणी सुचवेल. गेमच्या करारात बाहेरच्या साधनांना बंदी आहे, आणि खातं गेलं तर लेव्हल १०० पर्यंतची सगळी कमाई गेली. माऊसच्या मॅक्रोबद्दलही बोलून टाकते: एका बटणाला एक की देणं हे फक्त बटणाची जागा बदलणं झालं. एका दाबात दोन-तीन कृती करणारा मॅक्रो हा काठ आहे, आणि तू खुर्चीत नसताना चालणारा मॅक्रो हा काठाच्या पलीकडे. तुझा एफ २ आणि क्युअरवाला मॅक्रोही मी असते तर सोडून दिला असता. दोन बोटं आहेत की.

पत्री_पूल

पॅनेलवाली ताई, पण माझं शून्य डिलेवर चालतं ना! एकदाही चुकलं नाही.

भोसरी_पॅनेलवाली

कुठला गेम, किती फ्रेम?

पत्री_पूल

व्हॅलोरंट, २४०. माऊसला फक्त बंदूक बदलायची की आहे.

भोसरी_पॅनेलवाली

२४० ला फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची. शून्य लिहिलंस तरी यूएसबी आपल्या चालीनेच पाठवते: १००० हर्ट्झच्या माऊसला दाबल्याची आणि सोडल्याची खबर पोचायला एक-एक मिलिसेकंद, १२५ हर्ट्झच्या साध्या माऊसला आठ-आठ. तुझा माऊस १२५ वर असेल तर तुला न मागता आठ मिलिसेकंदांचा डिले मिळतोय आणि तो तुझ्या फ्रेमला पुरतो. शिवाय दाबणं आणि सोडणं असे दोन्ही निरोप वाचून घेणाऱ्या गेममध्ये लहान पल्सही गळत नाही. त्याचा लॅपटॉप अंधारात ३० वर चालतो. तुझा आकडा त्याला देऊ नकोस.

आबा_सांगलीकर

मधेच घुसतो, माफ करा. चिरंजीव बारावीत. काउंटर-स्ट्राइक २ खेळतात. एक कीबोर्ड मागतायत, म्हणे त्यात अशी सोय आहे की डावीकडची की धरलेली असतानाही उजवीकडची दाबली की गेम लगेच उजवी धरतो, म्हणजे थांबणं झटकन होतं. हा पण मॅक्रोच ना? यात पकडले जातात का? मला यातलं काही कळत नाही, पण पोरगा बंदी घातलेली वस्तू तर मागत नाहीये ना एवढंच बघायचंय.

हेसनवाली

काका, विकत घ्यायला बंदी नाही, पण ती सोय त्या गेममध्ये वापरता येणार नाही. २०२४ च्या जुलैत रेझरने 'स्नॅप टॅप' या नावाने ती आणली, इतर कंपन्यांकडेही तशी सोय आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हने जाहीर केलं की काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर असं आपोआप थांबवणं चालणार नाही, संशय आला की सामन्यातून बाहेर काढलं जाईल. एका कीला हालचालीच्या एकापेक्षा जास्त आज्ञा बांधणंही तिथे चालत नाही. त्या गेममध्ये धावता धावता थांबून नेम धरणं हेच कौशल्य आहे, ते कीबोर्डने करून दिलं तर उरलं काय, असा त्यांचा मुद्दा. मला पटतो.

कीबोर्ड चांगला असेल तर घ्या, ती सोय त्याच्या सॉफ्टवेअरमधून बंद करता येते. बंद आहे ना हे मात्र स्वतः बघा.

आबा_सांगलीकर

आभारी आहे. बारावीनंतर घेऊ म्हणतो.

गंगापूर_रोड

ताई, हेसनवाली, उजवी_शिफ्ट, सगळ्यांचे आभार. फिल्टर कीज बंदच होत्या, शॉर्टकटही काढून टाकला.

आत्ताची स्थिती: माऊसच्या मॅक्रोत ५० आणि ५०, माऊसच्या मेमरीत साठवलेला. चार्जर काढून सरावाच्या डमीसमोर अर्धा तास दाबत बसलो, एकही हुकलं नाही. ग्लेअर, असाइझ, ल्युसिड वेगळ्या बटणांवर. दुसऱ्या हीलरने नवीन लॉग बघून फक्त अंगठा पाठवला, ती एवढंच पाठवते. डायामागे दोन कृती बसतात, मात्र दुसरी जरा उशिरा दाबली की पाव सेकंद लगेच खाल्ला जातो, सराव लागेल.

माऊसओव्हरचं मात्र हात ऐकत नाही. अचानक कोणीतरी मरायला टेकलं की कर्सर आपोआप नावावर जातो आणि मी तो जुना मॅक्रो दाबतो. तो हॉटबारवरून काढलेला नाहीये अजून, काढवत नाही.

आणि एक: लॅपटॉपची ती बॅटरीवाली मर्यादा काढून ६० ठेवली तर बॅटरी किती टिकेल? लाइट दीड तास जाते.

भोसरी_पॅनेलवाली

माऊसओव्हर एका जागी राहू दे: बेनेडिक्शन या तातडीच्या मोठ्या हीलवर. ते ग्लेअरसारखं २.५ च्या रीकास्टमध्ये न अडकणारं, क्वचित लागणारं, आणि लागतं तेव्हा समोरचा शेवटच्या श्वासावर असतो. तिथे रांग गेल्याचं नुकसान फारसं नाही आणि कर्सरचा फायदा मोठा. त्याची ओळ तीन-चारदा लिही, म्हणजे दुसऱ्या कृतीच्या लॉकमध्ये सापडलास तरी पुढच्या फ्रेमला पुन्हा प्रयत्न होईल. क्युअर २ चा काढ.

बॅटरी: गेमिंग लॅपटॉप ६० फ्रेमला दीड तास काढेल याची आशा करू नकोस. मर्यादा ३० चीच ठेव, आपण ५० मिलिसेकंद त्यासाठीच घेतलेत. नाहीतर राउटरच्या इन्व्हर्टरवर लॅपटॉपचा चार्जर चालतो का बघ. आधी दोन्हींचे वॅट वाच, चार्जरचे त्याच्या ठोकळ्यावर लिहिलेले असतात. गेमिंग लॅपटॉपचे चार्जर २०० वॅटच्या वरचेही असतात, आणि राउटरपुरता घेतलेला छोटा बॅकअप असेल तर तो तेवढ्याने बंद पडेल. घराचा मोठा इन्व्हर्टर असेल तर पंखा आणि दिवे धरून बेरीज कर. बेरीज इथे टाक, मी बघते.

गंगापूर_रोड

घराचाच आहे, ८५० व्हीएचा. चार्जर २३० वॅट. दोन पंखे, तीन एलईडी, राउटर. आईचा टीव्हीपण त्यावरच.

भोसरी_पॅनेलवाली

व्हीए म्हणजे वॅट नव्हे, ८५० ला सातशेच्या खालीच धर. पंखे दीडशे, दिवे तीस, राउटर दहा-पंधरा, टीव्ही शंभर. त्यात २३० मिळव. सव्वापाचशे. चालेल, पण बॅटरी जुनी असेल तर दीड तास टिकणार नाही. एकदा रेड नसताना लावून बघ, आणि टीव्हीवर मालिका चालू असताना नको.